उरलेला पिवळा

मित्रांनो, मी भिंत आहे. घराच्या आतली आहे, त्यामुळे रस्त्याने जाताना तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. पेणच्या कुंभार आळीत एक बसके कौलारू घर आहे, त्याच्या पोटात मी उभी आहे. माझ्या एका अंगाला माजघर, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. मध्ये एक दार, आणि दाराशेजारी दिवा ठेवायचा एक कोनाडा. दारातून स्वयंपाकघरात जायचे तर एक पायरी उतरावी लागते, कारण मागची जमीन उतरती होती आणि भराव घालायला त्या वेळी कोणाला सवड नव्हती.

बांगलादेशची लढाई झाली त्या हिवाळ्यात माझा जन्म झाला. माझ्या विटा खाडीकाठच्या भट्टीतल्या. त्या मातीत मीठ होते, म्हणून अजूनही पावसाळा आला की माझ्या पायथ्याशी पांढरा खार फुटतो. मला बांधून घेणारा जनू गणपती करणारा कारागीर होता. तो स्वतः गवंड्याच्या हाताखाली राबला. मूर्तीवरून हात फिरवायची सवय, म्हणून माझा गिलावा त्याने इतका घोटला की गवंडी वैतागून म्हणाला, "जनू, आता हिला सोंड लाव नि वीक."

पुढच्या वैशाखात जनूचे लग्न झाले आणि सरू या घरात आली.

घर कसले, कारखानाच तो. ओटीवर आणि माजघरात वर्षातले आठ महिने गणपती बसलेले असत. आधी कच्चे, म्हणजे बिनरंगाचे, मग रंगलेले. त्यांच्यामधून वाट काढताना घरातल्या माणसांना तिरके चालायची सवय लागली होती. जनू डोळे काढी. सरू पितांबराचा काठ काढी. पितांबराच्या चुण्यांवरून खालीवर होत जाणारी ती बारीक सोनेरी रेघ कुठे तुटत नसे. दादरचे व्यापारी ट्रक घेऊन आले की विचारत, "काठ वैनींचाच ना?" सरूचा काठ असेल तर ते मूर्ती उलटसुलट करून बघत नसत.

आमच्या आळीची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. सगळे जग घर रंगवते ते गणपती यायच्या आधी. आमच्याकडे तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. अनंत चतुर्दशी उलटली की डब्यांच्या तळाशी जे उरले असेल ते दिवाळीच्या आत घराला लागते. एका वर्षी गुलाबी शेले फार खपतील असे सगळ्यांना वाटले आणि खपले नाहीत. त्या दिवाळीत अर्धी आळी गुलाबी होती. त्यामुळे इथे कोणाची भिंत बघून, हाच रंग का लावला, असे कोणी विचारत नाही. भिंतीचा रंग निवडलेला नसतो, उरलेला असतो.

मीही अशीच रंगत गेले. आधी चुन्याची पांढरी, मग निळसर, मग मोतिया. एकदा तर गणपतीच्या अंगाला लावतात तो बदामी रंग माझ्या वाट्याला आला. तेव्हा जनूची मुलगी शालन लहान होती. ती म्हणाली, "आबा, भिंतीला आता कान फुटतील." आणि तिचा धाकटा भाऊ जगन रोज सकाळी उठून माझ्याकडे बघून जाई, फुटले का म्हणून.

ते माझे सुखाचे दिवस. मुले मोठी झाली. शालन शिकली, खूप वाचणारी झाली, लग्न होऊन कोलाडला गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. जगनला रोह्याजवळच्या कंपनीत नोकरी लागली. घरात दोघेच उरले. आणि ती गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

मला ती सगळ्यांच्या आधी कळली, कारण सरू मला धडकली.

दारातून जाताना तिचा खांदा माझ्या कडेला लागला. मग पुन्हा लागला. मग एका दुपारी एका कच्च्या मूर्तीचा हात तिच्या कोपराने मोडला. "पदर अडकला," ती म्हणाली. जनूने नवा हात बसवला. पण पुढच्या आठवड्यात पितांबराचा काठ चुणीवरून घसरून गणपतीच्या पावलावर आला, तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला आणि तिच्याकडे नुसते पाहिले. तिने ते पाहणेही पाहिले नाही. ती तशीच पुढे काढत होती, पावलावरून पाटावर.

दोघे पनवेलला डॉक्टरांकडे जाऊन आले. आल्यावर जनू मला पाठ टेकून बसला. त्याची ती नेहमीची जागा. सरू समोर गोणपाटाच्या चवाळ्यावर बसली.

"पोरांना सांगायला होवं," जनू म्हणाला.

"कशाला?"

"काचबिंदू म्हंजे काय चोरी हाय काय लपवायला?"

"पोरांना कळलं तर हातातली पळी काढून घेतील," सरू म्हणाली, "नि आळीत कळलं तर ब्रश. मंग मी काय करू, तुमच्या तोंडाकडं बघत बसू? तं पन नीट दिसत नाय."

जनू हसला नाही. "गेलेलं परत येत नाय म्हनाला. थेंब घालत ऱ्हायलो तर हाय तेवढं टिकंल."

"मंग घाला थेंब."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तो कोनाड्यातली छोटी बाटली घेई आणि तिची मान मागे करून डोळ्यांत थेंब घाली. बाटली संपत आली की पनवेलला जाऊन नवी आणी.

त्या वर्षी गणपती गेले आणि रंग लावायचे दिवस आले. डब्यांत राखाडी आणि हस्तिदंती उरला होता. जनूने तो माझ्यावर लावला नाही. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांना वेगवेगळे रंग फासले, आणि भर दुपारी सरूला ओटीच्या उंबऱ्यात उभी करून एकेक तुकडा माझ्या अंगाला लावून धरला.

"हा?" त्याने राखाडी धरला.

"काय हा?"

"रंग हाय."

"मला वाटलं तुमचा हात हाय."

"हा?" आता हस्तिदंती.

"धुकं आलंय तिथं."

"हा बघ." मोरपिशी.

"हा जरा बरा. पन लांब हाय."

मग त्याने पितांबराचा पिवळा धरला, ताजा घोटलेला, हळदीहून गडद. सरूने मान पुढे केली.

"हा आला," ती म्हणाली. "उठून पुढं आला."

माझा जन्म झाल्यापासून मला रंग लागत होते. माझ्यासाठी रंग निवडला जाताना मी पहिल्यांदा पाहिला. उरलेला नाही, निवडलेला. जनूने पिवळा नव्याने कालवला. मी पिवळी झाले. दाराची चौकट त्याने शेंदरी केली, तिच्या दोन्ही बाजू पार खालपर्यंत. पायरीला मोरपिशी लावला, कडेला पांढरी पट्टी. मग सरूला म्हणाला, "चल आता. कुठं धरू नको."

ती ओटीवरून निघाली, माजघर ओलांडले, शेंदरी चौकटीतून बरोबर मध्यावरून गेली, पायरी उतरली आणि आतून तिचा आवाज आला, "चाय ठेवू?"

जनूने खाली बसून रंगाचा डबा पुसायला घेतला. डबा स्वच्छच होता.

"कोनी इचारलं तर?" ती आतूनच म्हणाली.

"उरला म्हनून सांगू. पेनमधे त्याच्यापुढं कोन इचारत नाय."

आणि खरेच कोणी विचारले नाही, मित्रांनो. पण हसले मात्र सगळे. शेजारची काशीबाई दारात उभी राहून म्हणाली, "गो सरू, घर हाय का मखर? आरती कधी तेवढं सांगा, प्रसादाला येईन."

"आरती तुमी म्हना काशीवैनी," जनू म्हणाला, "तुमचा आवाज आयकून मूर्ती आपसूक ट्रकात चढतील."

दुसऱ्या वर्षी मी पिवळी. तिसऱ्या वर्षीही पिवळी. लोक म्हणत, "जनू, दरवर्षी तुझा पिवळाच कसा रे उरतो?" तो म्हणे, "मोजमाप जमत नाय." सरूने मग हात थरथरतो असे सांगून काठ काढायचे सोडले. तेही सगळ्यांना पटले. जगनचे लग्न झाले, रोह्याला बिऱ्हाड झाले, सून सुनंदा सणावारी घरी येऊ लागली. माझ्यापुढे उभे राहून काढलेले फोटो बघून ती म्हणाली, "अगो बाई, सगळी काविळीची माणसं दिसतायत." जगनला माझी लाज वाटू लागली. कंपनीतल्या मित्रांना तो ओटीवरूनच परत नेई. शालन काही बोलत नसे, पण तिलाही वाटे की आबांना रंगांतले सगळे कळते, फक्त घराला काय शोभते ते कळत नाही.

मला त्याचे वाईट वाटले नाही. माझ्यापाशी येऊन सरूचे पाऊल कधी अडले नाही, एवढे मला पुरेसे होते.

बरीच वर्षे अशी गेली. मग एका मार्गशीर्षात जनू मला टेकून बसला होता, छातीत कळ आली म्हणाला आणि उठताना त्याने हात माझ्यावर दाबला. त्याला गाडीत घालून नेले. तो परत आला तो झाकून.

शालन दिवसकार्य होईपर्यंत राहिली. ती रडून गोंधळ घालणाऱ्यातली नव्हती. भांडी घासायची, आलेल्या-गेलेल्यांना चहा द्यायची, आईला जेवायला बसवायची. पण मी तिला पाहत होते. माजघरातून जाताना ती नजर खाली ठेवी. जनू जिथे डोके टेकायचा तिथे माझ्या पिवळ्यावर त्याच्या डोक्याच्या तेलाचा काळपट गोल डाग पडला होता. तिची नजर चुकून तिथे गेली की ती हातातले काम विसरून उभी राही.

पुढे वर्षश्राद्ध झाले. त्या दिवशी जेवणे आटोपल्यावर जगन म्हणाला, "आये, आता रोह्याला चल. इथं एकटी काय करशील?"

"मला इथं सगळं हाताशी हाय," सरू म्हणाली.

"पडलीस-झडलीस तर?"

"इतकी वर्षं पडले नाय ती आता कशाला पडेन?"

तिचे म्हणणे अगदी खरे होते. पण ते खरे कशामुळे होते ते त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होते, तिला आणि मला.

शालनने मध्यम मार्ग काढला. आई इथेच राहील; पण घर जरा नीटनेटके करायचे, म्हणजे तिला प्रसन्न वाटेल. तिने कुठे वाचले होते की फिकट रंगांनी मनाला शांतता मिळते. तिने ते मनापासून वाचले होते आणि मनापासून सांगितले. पुढच्या रविवारी ती दुकानातून रंगांचे कार्ड घेऊन आली. जगन आणि सुनंदाही आले. कार्ड आईपुढे धरून शालन तिच्याजवळ बसली.

"हे बघ, हा मोतिया. हा बिस्किटी. हा ऑफव्हाइट. तुला कसा वाटतो?"

सरूने कार्ड तिच्याकडून घेऊन दोन्ही हातांत धरले. ते उलटे होते, आतली रंगांची बाजू खाली आणि कंपनीचे नाव वर. वर्षभराच्या दुःखाने आई अशी हरवल्यासारखी झाली आहे असेच सगळे धरून चालले होते, म्हणून ते कोणी पाहिले नाही.

"एक भिंत तरी डार्क करूया ना ताई," सुनंदा म्हणाली. "हल्ली सगळे करतात. सगळंच पांढरट म्हणजे दवाखान्यासारखं."

मित्रांनो, मी सुनंदाकडून फार अपेक्षा कधी केली नव्हती. त्या क्षणी मात्र मला ती लक्ष्मी वाटली.

"कुठली भिंत?" जगन म्हणाला.

"ओटीवरची. टीव्हीच्या मागची."

"ती नको," सरू एकदम म्हणाली. तिने बरोबर माझ्याकडे हात केला. "करायची तर ही करा. ही हाय तशीच ऱ्हाऊ दे."

"ही नको आई."

"पिवळी हाय ती बरी हाय गो. ह्यांनी लावलीय."

तिला सांगता येण्यासारखे तेवढेच कारण होते आणि तेच नेमके सांगायला नको होते. शालनचे डोळे भरले. ती चेहरा वळवून म्हणाली, "म्हणूनच नको. तुला दिवसभर हिच्यापुढे बसवून मी कोलाडला कशी जाऊ? माझ्याच्याने बघवत नाही, तुझं काय होत असेल?"

"माझं काय होत नाय. तू नीट आयक—" सरू बोलायला लागली. मला वाटले, आता सांगेल.

पण जगन मध्येच म्हणाला, "आये, इथं ऱ्हायचंय ना तुला? मग घर ऱ्हाण्यासारखं होऊ दे. नायतर चल आताच्या आता. रोह्याला सगळं तयार हाय."

सरूने तोंड मिटले. मी तिला इतकी वर्षे ओळखते. ती काय तोलत होती ते मला दिसत होते. सांगावे तर घर जाईल. न सांगावे तर रंग जाईल. रंग गेला तरी घर तर राहील, असा तिने हिशेब केला असावा. माणूस संकटात असा हिशेब करतो.

"छान हाय," ती म्हणाली आणि कार्ड शालनकडे दिले. "तू धरला व्हतास तो छान हाय."

खलील रंगारी कामाला आला. मस्कतला बंगले रंगवून आलेला, हात फार सफाईचा. माझा पिवळा लोखंडी पत्रीने खरवडताना तो म्हणाला, "मावशी, खाली पन पिवळा, त्याच्या खाली पन पिवळा. जनूभाईंनी पितांबर नेसवला व्हता काय भिंतीला?"

सरू ओटीवर बसून हसली. "व्हय. रोजचा."

"आता बघा, डोळ्याला कसं थंड वाटंल. तिकडं शेठ लोक ह्योच लावतात."

त्याने मन लावून काम केले. जनूच्या डोक्याचा डाग आधी गेला. मग चौकटीचा शेंदरी गेला. कोनाडा जुनाट दिसतो म्हणून जगनने तो बुजवून सपाट करून घेतला. आत एक बाटली होती. ती रिकामी होती. जनू गेल्यावर सरूने स्वतःच अंदाजाने थेंब घातले होते, पुरवून पुरवून. आणि संपल्यावर ती रोज बाटली उचलून कानाशी हलवून पुन्हा ठेवत असे. नवी आणायला कोणाला सांगणार? सांगायचे म्हणजे सगळेच सांगायचे. खलीलने ती बाटली रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकली. शेवटी पायरीवर मलईच्या रंगाची लादी बसली. लादीखाली सिमेंट घालावे लागले, त्यामुळे पायरी थोडी पुढे आली.

सगळ्यांना घर आवडले. काशीबाईसुद्धा म्हणाली, "आता कसं माणसांचं घर वाटतं." सुनंदा म्हणाली, खोल्या मोठ्या दिसतात. शालन माझ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण वर्षानंतर थोडा सैल झाला होता. तिला माझ्याकडे बघता येत होते. मला तिचा राग कधीच आला नाही, हे मी आवर्जून सांगते. दुःख झालेल्या माणसाला समोरचे दुःख आपल्यासारखेच आहे असे वाटते. ते तसे नव्हते, एवढेच.

सगळे आपापल्या घरी गेले आणि सरू एकटी उरली. ती ओटीवरून आत आली आणि माजघराच्या मध्यावर थांबली. माझ्याकडे तोंड करून. जमीन फिकट, मी फिकट, चौकट फिकट, पलीकडची पायरी फिकट. मी तिच्यापासून चार हातांवर होते आणि तिच्या लेखी मी नव्हतेच.

तिने हात पुढे केले. ओल्या शेतात बांध चाचपत जावे तशी ती आली. तिची बोटे मला लागली तेव्हा ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तळवा माझ्यावरून सरकवत सरकवत ती दारापर्यंत गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी तिच्या तळव्याने मोजले. ती माझा आधार घेऊन जाई आणि माझाच आधार घेऊन परत येई. दिसत नव्हते तरी तिचे अडत नव्हते. मला वाटले, रंग गेला तर गेला, माझे अंग तर आहे. हळूहळू कमरेच्या वर, कोपऱ्यापासून दारापर्यंत, माझ्यावर एक मळकट पट्टा उमटला.

शालन आली तेव्हा तिने तो पाहिला. तिने पदर खोचला, ओले फडके घेतले आणि सगळा पट्टा पुसून काढला. पुसताना ती रागावली नव्हती, उलट लाडाने बोलत होती. "आई, भिंतीला हात नको लावत जाऊस गं. हा फिकट रंग आहे, लगेच दिसतं."

"लक्षात नाय ऱ्हात," सरू म्हणाली.

"आठवण ठेव. जगनने बघितलं तर म्हणेल, आईला आता घर राखवत नाही."

"बरं."

त्या एका शब्दाने माझ्या पायथ्यापर्यंत काहीतरी थंड उतरले. मला ओरडून सांगायचे होते की तिला हात लावू द्या, मला कितीही मळवू द्या, मी मळण्यासाठीच आहे. पण भिंत काय करणार? पावसाळ्यात थोडा खार फोडणार. तोही फडक्याने पुसला जातो.

सरूने शब्द पाळला. ती हात छातीशी धरून चालू लागली. कधी माझ्या डावीकडे धडके, कधी उजवीकडे. एका सकाळी घरात लख्ख ऊन आले होते. अशा उजेडाने डोळे दिपून तिला आणखीच कमी दिसे. काशीबाईने बाहेरून हाक मारली, "गो सरू, विरजण हाय काय?" आणि सरू "देते, थांबा" म्हणत लगबगीने निघाली. दार तिला सापडले. पायरी मात्र जिथे इतकी वर्षे संपत होती तिथे संपली नाही. पाऊल अर्धे लादीवर, अर्धे हवेत.

पडल्यावर ती ओरडली नाही. पडलेली कोणाला कळू नये असेच तिला अजून वाटत होते. काशीबाई आत आली तेव्हा सरू जमिनीवर बसून मोडलेला हात मांडीवर घेऊन म्हणत होती, "काय नाय वैनी, घसरले. जगनला सांगू नका."

पण असे लपत नाही. दवाखान्यात हाताला प्लास्टर घातले, कपाळाला टाके घातले, आणि कपाळ तपासताना डॉक्टरांनी डोळेही तपासले. मग जे जनूने आणि सरूने आणि मी इतकी वर्षे सांभाळले होते, ते एका दुपारी सगळ्यांना कळले.

आठवड्याने ते तिला घेऊन आले, ते सामान न्यायला. जगन कपाटातली लुगडी पिशवीत भरून बाहेर गाडीत ठेवत होता. सरू माजघरात खुर्चीवर बसली होती. शालन माझ्याजवळ उभी होती. तिने तळवा माझ्यावर टेकला होता आणि तो काढायचे तिला सुचत नव्हते.

"पिवळा आबांनी तुझ्यासाठी लावला होता ना?"

"व्हय."

"दरवर्षी?"

"उरायचा गो," सरू म्हणाली, आणि किंचित हसली.

"मला सांगायचं होतंस. मी कार्ड घेऊन तुझ्या शेजारी बसले होते आई. एक शब्द बोलायचा होतास."

"बोलले असते तर तू मला हितं ठेवली असतीस?"

शालनने तळवा माझ्यावरून काढला. ती खोटे बोलणारी नव्हती. ती आईपाशी खाली बसली आणि तिचा चांगला हात हातात घेऊन म्हणाली, "खलीलला बोलावते. उद्याच. सगळं परत करून घेते. पिवळा, शेंदरी, सगळं. थोडे दिवस रोह्याला राहा, मग मी तुला परत आणते."

"नको गो. डॉक्टरनी डोळ्यापुढं बॅटरी धरून इचारलं, कुठला रंग. पिवळी धरली नि लाल धरली. मला दोन्ही सारखीच."

बाहेर जगनने गाडीचे मागचे दार लावले. शालनने आईचा हात सोडला नाही.

"मग रोह्याच्या खोलीला कुठला लावू? तू सांगशील तो लावते. खरंच सांग. तुला कुठला हवा?"

सरूने तोंड माझ्याकडे केले. म्हणजे मी असावे त्या बाजूला केले. ते थोडे चुकले.

"रंगाचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "मला हितं ऱ्हायचं व्हतं."

मग शालनने तिला उठवले. दोघी ओटीवरून खाली उतरल्या. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला, आणि गाडी वडखळच्या बाजूला गेली.

आता घर बंद आहे. शालन कधीतरी येते, खिडक्या उघडते, झाडते आणि माझ्यासमोर थोडा वेळ बसून जाते. सरू रोह्याला बरी आहे, जेवते, असे ती एकदा काशीबाईला सांगत होती. उठून कुठे जात नाही म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घराला रंग लावायची वेळ येईल तेव्हा फिकट लावा किंवा गडद लावा, आम्हा भिंतींना त्याचे काही नसते. पण त्या घरात ज्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वावरायचे आहे, त्याला आधी विचारा. तो घाईने "छान आहे" म्हणाला, तर लगेच कार्ड मिटू नका. त्याच्यासमोर बसा आणि पुन्हा विचारा. आणि खरे सांगितल्याची शिक्षा त्याला होणार नाही, एवढे त्याला आधी कळू द्या. मी तिथेच होते. मला सगळे ठाऊक होते, आणि माझा कोणाला काही उपयोग झाला नाही. तुम्हाला तोंड आहे.